साडेसातची खुर्ची

आमच्या दवाखान्यातला टीव्ही पेशंटला दिसत नसे. तो खुर्चीच्या डोक्यामागच्या भिंतीवर, चांगला उंच ठोकलेला होता. मॅडम पेशंटच्या उजव्या हाताला उभ्या राहून काम करत, त्यामुळे मान जराशी वर केली की त्यांना सगळं चित्र दिसे, आणि खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला नुसता आवाज यायचा. सीनमध्ये काय चाललंय हे त्यानं मॅडमच्या भुवयांवरून ओळखायचं. मॅडमच्या तोंडाला मास्क असल्यामुळे भुवयांखेरीज त्याच्या हाती दुसरं काही नसे. मी एकदा म्हटलं, "मॅडम, टीव्ही समोरच्या भिंतीवर घेऊया की. पेशंटचाही वेळ जाईल." तर म्हणाल्या, "पेशंटचा वेळ घालवायला मी बसलोय काय हितं? त्यानं बघितलं की त्याची मान हलतीया. मान हलली की माझा हात हलतोय. मग कुठला दात निघंल सांगता येत न्हाई."

बाईमाणसाच्या तोंडचं हे "मी बसलोय" ऐकून बाहेरगावचा पेशंट दचकायचा. कोल्हापुरात बऱ्याच बायका मी आलो, मी गेलो असंच म्हणतात, आणि मॅडम बाहेर शिकून आल्या तरी त्यांनी ते सोडलं नव्हतं. राजारामपुरीत क्लासच्या आणि दवाखान्यांच्या पाट्या एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. त्यात आमची पाटी शोधत बसण्यापेक्षा खाली रस्त्यात उभं राहून कान द्यावा. मॅडमचा आवाज दुसऱ्या मजल्यावरून खाली येई. मी मूळचा हातकणंगल्याचा. दातांचा डॉक्टर होऊन नवाच आलो होतो, स्वतःचा दवाखाना टाकायचा धीर होत नव्हता, म्हणून मॅडमकडे दुसरी खुर्ची सांभाळत होतो. मॅडम तेव्हा साठीला टेकल्या होत्या. मला मालिकांचा मनापासून कंटाळा. आजही आहे. पण मॅडम रोज बघत त्या मालिकेत कुणी कुणाच्या दुधात काय कालवलं आणि कुणाचं लग्न कुणी मोडलं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, कारण माझी खुर्ची मॅडमच्या खुर्चीला लागूनच होती.

मालिका रोज संध्याकाळी साडेसातला लागे. एक मोठं शेतकरी घर, त्यात हुकूम सोडणाऱ्या थोरल्या आईसाहेब, आणि रोज नव्या कारणानं रडणारी धाकटी सून. शूटिंग कोडोलीच्या पुढं एका मळ्यातल्या घरात चाले, त्यामुळे अख्ख्या जिल्ह्याला ती आपल्या घरचीच भानगड वाटायची. भेटेल त्याचं कुणी ना कुणी त्यात होतं. कुणाचा चुलता बाजाराच्या सीनमध्ये कोथिंबीर विकून गेला होता, कुणाची म्हैस दोनदा दिसली होती आणि त्या म्हशीच्या मालकाला लोक हॉटेलात चहा पाजत होते.

साडेसातची खुर्ची मागून घ्यावी लागे. मालिका न बघणाऱ्याला मॅडम ती वेळ देतच नसत. "तुम्ही सहाला या पावणं. साडेसातला जाणकार माणूस लागतंय." जाणकार माणसानं करायचं काय, तर तोंडात कापूस, आरसा आणि थुंकी ओढणारी नळी घेऊन मॅडमशी चर्चा करायची.

"धाकटीनं माहेरी जायला पाहिजे हुतं का नको?"

"आं."

"तेच म्हणतो मी. पण नवरा आणायला गेला तर?"

"आं आं."

"न्हाई, न्हाई, हितं तुमचं चुकतंय."

असं अर्धा तास चाले. निम्म्या कोल्हापूरचं मत आपल्याला नुसत्या 'आं'वरून कळतं, असं त्या छाती काढून सांगत. मला हा शुद्ध खुळेपणा वाटे. पण जिना उतरताना पेशंट एकमेकांना "मॅडमना बरोबर कळलं माझं म्हणणं" असं सांगताना मी स्वतः ऐकलंय, तेव्हा खुळे कोण हे एकदा ठरवायला हवं.

दात कोरायच्या मशीनचाही एक नियम होता. सीन चालू असेतो मशीन बंद. जाहिरात लागली की मशीन चालू. घरी जाहिरातींना वैतागणारी माणसं आमच्याकडे साबणाच्या जाहिरातीचं संगीत कानावर पडलं की खुर्चीचे हात घट्ट धरत. स्टँडवरचे एक रिक्षावाले मामा होते, त्यांच्या दाढा एकामागोमाग एक कामाला येत होत्या आणि ते त्यात खूश होते. धाकटीवर त्यांचा फार जीव. ती रडायला लागली की मामांच्या डोळ्यांतून पाणी निघे आणि उताणे पडलेले असल्यामुळे ते सरळ कानात जाई. मॅडम कापसाचा बोळा घेऊन आधी त्यांचे कान पुसत, मग दाढेकडे वळत.

नटनट्यांबद्दल लोक बोलतात ते रंगरूप, साड्या, दागिने. मॅडमना त्यातलं काही दिसायचं नाही. त्यांना दात दिसायचे. "धाकटीच्या उजव्या सुळ्याला कॅप हाय. रडताना खालचे दात दिसले तर समजायचं, आज खरं रडाय लागलीया." हिरोबद्दल त्यांना काळजी वाटे. "रात्री दात खातोय हे पोरगं. जबडा बघ कसा चौकोनी झालाय. कसला तरी घोर लागलाय त्याला." खलनायक मात्र त्यांना आवडायचा, कारण त्याच्या हिरड्या निकोप होत्या. तोंड उघडलं की माणूस कळतं, हे त्यांचं आवडतं वाक्य. मॅडम ते पेशंटला सांगत, भाजीवाल्याला सांगत, आणि माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलीच्या वडिलांनाही त्यांनी ते सांगितलं होतं. लग्न तरीही झालं.

त्यांचं एकाच बाईशी वाकडं होतं: थोरल्या आईसाहेबांचं काम करणाऱ्या नटीशी. ती कधीच दात दाखवून हसायची नाही. ओठ मिटून, गालातल्या गालात हसायची. "असलं मिटून हसणारं माणूस मला नको वाटतंय," मॅडम म्हणत. "कायतरी लपवून ठेवल्यागत."

आणि एक वैर होतं मिश्रीशी. आमच्याकडच्या बायका तंबाखू भाजून, वाटून ती हिरड्यांना घासतात. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, आणि कामातून उसंत मिळाली की पुन्हा. ती बंद केल्याशिवाय मॅडम कुठल्या बाईच्या दाताला हात लावत नसत. डबी तिथंच टेबलावर ठेवून घ्यायच्या. दुसऱ्या डॉक्टरांच्या काचेच्या कपाटात ढाली आणि मानपत्रं असतात, आमच्या कपाटात मिश्रीच्या डब्या होत्या. पितळी, पत्र्याच्या, प्लॅस्टिकच्या, एक तर चांदीची. चांदीची परत मागायला एक मोठ्या घरची बाई मुलाला घेऊन आली होती. मॅडमनी दोघांना खुर्चीत बसवून दोघांची तोंडं तपासली आणि डबी ठेवून घेतली.

त्या वर्षी मालिकेत धाकट्या दिराचं लग्न निघालं आणि ते आटपेचना. हळद झाली, अक्षता झाल्या, रुसवेफुगवे झाले, आणि मग पंगत बसली ती उठायलाच तयार नाही. एका संध्याकाळी मी माझ्या पेशंटच्या दाढेत सिमेंट भरत होतो, तेवढ्यात मॅडमची हाक आली.

"अरे, मागं बघ."

मी मागं बघितलं. मागं बेसिन होतं.

"तिथं न्हाई, टीव्हीत! आईसाहेबांच्या खांद्यामागं."

आईसाहेबांच्या खांद्यामागं सोप्याच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, खांबाला टेकून एक म्हातारी बसलेली होती. ती नेहमीच तिथं बसलेली असे. सूप घेऊन तांदूळ निवडायची, कधी शेंगा फोडायची. तिला एक शब्दही बोलायला नसे. आईसाहेब ओरडल्या की तिनं सूप खाली ठेवून उभं राहायचं, एवढंच तिचं काम. घर भरलेलं दिसावं म्हणून गावातली जी माणसं आणून बसवतात त्यातली ती एक. आज पंगतीत असल्यामुळे जेवत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"जीभ बघ. सारखी डाव्या गालाकडं जातीया. आणि घास उजवीकडनंच चावाय लागलीया."

"दात हलत असेल मॅडम."

"दात हलत असला तर जीभ दाताकडं जाती. ही दाताच्या भायेर, गालाच्या आत जातीया. आणि ओठ बघ तिचे. मिश्री लावती बाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मोबाइलवर मागचे जुने भाग काढले. वर्षाखालच्या गणपतीच्या भागात तीच म्हातारी मोदक डावीकडून चावत होती. मॅडमनी चित्र थांबवून ते मला दाखवलं, मग पंगतीचं दाखवलं. त्यांच्या भुवया कधी नव्हे त्या स्थिर होत्या. गालाच्या आतली न भरणारी जखम म्हणजे काय असू शकतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. वेळेत सापडली तर माणूस वाचतं, नाहीतर नाही.

मॅडमनी चॅनेलच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाली, "तुमचं प्रेम असंच राहू द्या."

"प्रेम न्हाई हो बाई, जीभ! जीभ गालाकडं जातीया!"

फोन बंद झाला. त्या रविवारी सकाळी मॅडमनी पर्समध्ये बॅटरी आणि तोंडात घालायचा आरसा टाकला, मला स्कूटरवर मागं बसवलं आणि कोडोलीचा रस्ता धरला. वाटेत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि मॅडम न बोलताही स्कूटर चालवू शकतात हे मला प्रथमच कळलं.

मळ्याच्या फाटकाशी जत्रा भरलेली. धाकटीला मालिकेत दिवस गेले होते म्हणून दोन बायका तिची ओटी भरायला खण-नारळ घेऊन आल्या होत्या. एक आजोबा आईसाहेबांना चार गोष्टी सुनवायला हातात काठी घेऊन उभे होते. फाटकावर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस सगळ्यांना तेच तेच सांगत होता, "सेल्फी फक्त जेवणाच्या सुट्टीत." मॅडम गर्दीतून पुढं घुसल्या.

"मला सेल्फी नको. ती मागं बसून तांदूळ निवडती न्हवं, त्या म्हातारीचं तोंड बघायचंय मला."

त्यानं एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा काठीवाल्या आजोबांकडे. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "मावशी, ते सगळं खोटं असतं. त्या आजी त्या घरातल्या नाहीयेत."

"घर खोटं असंल. तोंड तर खरं हाय न्हवं तिचं?"

जेवणाच्या सुट्टीत सेल्फीवाल्यांबरोबर आत शिरून आम्ही घराच्या मागच्या अंगाला गेलो. म्हातारी धुण्याच्या दगडावर बसून निवांत मिश्री लावत होती. तिला सगळे आक्का म्हणत. मॅडमनी ओळख सांगितली, आधी मिश्रीवरून झाडलं, आणि मग म्हणाल्या, "आक्का, आ करा बघू."

आक्कांनी पदर तोंडावर घेतला. "मला कुठं काय हुतंय? दुखत न्हाई, खुपत न्हाई."

"दुखत न्हाई म्हणूनच मला भ्या वाटतंय."

"आन् काय निघालं म्हंजे? कापनार न्हवं तुमी?" आक्का पदराआडून बोलत होत्या. "माझ्या शेजारी एक म्हातारी बसायची. तिरुपतीला गेली, केस दिऊन आली. ह्यांनी तिला तवाच गाडीत घालून घरी लावून दिली. म्हनले, कालच्या सीनला केस हुतं, आज न्हाईत, आता कसं दावायचं? तिचं केस तरी उगवत्यात. माझा गाल बसला तर उगवंल व्हय?"

"मग नका बसू मालिकेत. जीव राहील की."

आक्कांनी पदर थोडा खाली केला. त्या चिडल्या नव्हत्या, पण बाईला एवढंही कळत नाही याचं त्यांना नवल वाटलं असावं. "माझी लेक निपाणीला दिलीया. वर्साकाठी एकदा येनं हुतंय तिचं. पर रोज साडेसातला मला बघतीया. आईसाब काय वराडत्यात त्ये तिला ठावं न्हाई. मला फोन करून म्हनती, आई, आज तू हिरवं लुगडं नेसलीवतीस. आई, आज तू दमल्यागत दिसलीस. मी तितं न्हाई दिसलो तर पोरीनं काय समजायचं?"

मॅडमनी बॅटरी पुन्हा पर्समध्ये टाकली. आजवर मालिकेतल्या त्या मागच्या म्हातारीकडे बघणारं माणूस महाराष्ट्रात आपण एकटंच आहोत असं त्या समजत होत्या. सुट्टी संपली, आक्का आत गेल्या आणि आम्ही परत फिरलो. उसाच्या ट्रॅक्टरमागं स्कूटर अडकली तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, आपण सांगितलं. आता सोडा."

"मला दिसलंय रे," त्या मान न वळवता म्हणाल्या. "दिसलं नसतं तर गोष्ट येगळी हुती."

त्यानंतर मॅडमनी रविवार दुसऱ्या कशाला ठेवलाच नाही. फाटकावरचा माणूस त्यांना लांबून ओळखू लागला आणि लांबूनच हात हलवून नको म्हणू लागला. इकडे साडेसातच्या खुर्चीवरची चर्चा पार बदलून गेली. जाणकार मंडळी आता घरी टीव्ही बघताना धाकटीकडे न बघता खांबाकडे बघत आणि दवाखान्यात येऊन बातमी देत. मामा खुर्चीत पाठ टेकायच्या आत म्हणाले, "मॅडम, काल दोनदा गेली जीभ." मसाल्याचं दुकान चालवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "परवा शेंग तोंडात टाकली आणि काढून ठेवली हो." धाकटीच्या बाळाचं कुणाला काही पडलं नव्हतं. त्या खांबाशी बसलेल्या म्हातारीचं काय होणार याचा घोर साऱ्यांना लागला. मॅडम रोज ऐकत, आणि त्यांचा आवाज रोज थोडा थोडा खाली येत होता. जिन्याखालून आता तो ऐकू येईना. मला ते मुळीच बरं वाटत नव्हतं.

एका रविवारी फाटकावरचा माणूस जागेवर नव्हता. आम्ही सरळ आत शिरलो. आंगणाच्या कडेला आंब्याखाली खुर्ची टाकून थोरल्या आईसाहेब पोहे खात बसल्या होत्या. म्हणजे ती नटी. कपाळावर तेच रुपयाएवढं कुंकू, अंगावर तीच जरीची साडी, पण पायांत रबरी स्लिपर. मॅडमना समोर येताना बघून तिनं बशी बाजूला ठेवली आणि थकल्या आवाजात म्हणाली, "बोला. शिव्या द्यायच्या असतील तर देऊन घ्या, पुढच्या शॉटला अजून वेळ आहे."

मॅडमनी शिव्या दिल्या नाहीत. खाली पायरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. मोदक, पंगत, जीभ, तिरुपतीची म्हातारी, निपाणीची लेक. शेवटी नटीनं एवढंच विचारलं, "तुम्हाला खात्री आहे?"

"खात्री न्हाई. म्हणूनच बघायचंय."

नटी उठली. स्लिपर काढून तिनं कोल्हापुरी चपला घातल्या, पदर कमरेला खोचला, आणि सोप्याकडे चालू लागली. ती चाल बघून लाइट धरणारी पोरंसुद्धा बाजूला झाली. खांबाशी आक्का सूप घेऊन बसल्या होत्या. नटी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि रोज साडेसातला घराघरात घुमणारा तो आवाज आंगणात घुमला.

"आक्का! उठा."

आक्का सूप खाली ठेवून उभ्या राहिल्या. इतके दिवस त्या आवाजाला त्या उभ्याच राहत आल्या होत्या.

"तोंड उघडा."

आक्कांनी आ केला. पदर बिदर काही आठवलं नाही त्यांना. मॅडमनी पर्समधून बॅटरी काढली, आरसा आत घातला, डावा गाल ओढून धरला. मी खांद्यावरून बघितलं. आत मागच्या बाजूला पांढरा चट्टा होता, त्याच्या मध्यावर लाल, आणि मॅडमनी बोट फिरवलं तेव्हा त्याची कड कडक लागली हे मला त्यांच्या भुवयांवरून समजलं. जन्मात पहिल्यांदाच मी खुर्चीतल्या पेशंटसारखा त्या भुवया वाचत उभा होतो.

"लई मोठं न्हाई," मॅडम म्हणाल्या. "पण आता थांबायचं न्हाई."

आक्का रडू लागल्या. कुणीतरी पाणी आणलं. नटीनं त्यांना खाली बसवलं, स्वतः शेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "तुमची जागा कुणी घेणार नाही. हे सूप इथंच राहील. गाल बसला तर बसू दे, मी सांगते त्यांना काय दाखवायचं ते."

"आन् लेकीला?" आक्कांनी विचारलं.

"लेकीला आपण टीव्हीतूनच सांगू," नटी म्हणाली, आणि पहिल्यांदाच मोकळी हसली. वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. मॅडम तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. परत येताना स्कूटरवर बोलल्या त्या त्याबद्दलच. "चांगली बाई हाय रे. दात वाकडे म्हणून मिटून हसती. मी काय काय बोललो हिला." आणि मग मोठ्यानं हसल्या. किती दिवसांनी ते हसणं ऐकलं मी.

त्या चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला, तो नको तसाच निघाला, आणि ऑपरेशन ठरलं. त्याच आठवड्यात साडेसातला थोरल्या आईसाहेब सुनेवर तावातावानं ओरडत सोप्यात आल्या, रिकाम्या खांबाशी थबकल्या, खालचं सूप नीट भिंतीला टेकवून ठेवलं आणि म्हणाल्या, "आक्का लेकीकडं गेल्यात. येतील परत." कथेशी त्याचा काही संबंध नव्हता. मामा खुर्चीत ढसाढसा रडले आणि मॅडमनी त्यांचे कान पुसले. वाक्य खोटंही नव्हतं. लेक त्याआधीच निपाणीहून निघून आली होती, ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर मॅडमशेजारी बसली होती, आणि पुढं आक्का तिच्याकडेच जाऊन राहिल्या.

गाल कापला की नंतर तोंड आखडत जातं. रोज नेटानं उघडायचा व्यायाम केला नाही तर घास जाईल एवढीही फट उरत नाही. मॅडमनी आक्कांना दम भरला होता, "रोज उघडायचं. दुखलं तरी उघडायचं. आणि दर महिन्याला मला येऊन दाखवायचं." आक्का पहिल्यांदा आल्या तेव्हा स्वतःहून मिश्रीची डबी टेबलावर ठेवून गेल्या. मग शूटिंगला परत जाऊ लागल्या आणि त्यांचं येणं बंद पडलं. महिना गेला, दुसरा गेला. टीव्हीत त्या खांबाशी बसलेल्या दिसत. डावा गाल खोल गेलेला, तोंड मिटलेलं. मॅडम रोज चिडत. "येईना बघ. तोंड आखडलं असणार. म्हणून येईना."

मॅडम आता दवाखान्यात येत नाहीत. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी आपणहून मशीन खाली ठेवलं आणि दोन्ही खुर्च्या माझ्याकडे देऊन घरी गेल्या. टीव्ही आहे तिथंच आहे. त्या भिंतीकडे बघितलं की मला एकच संध्याकाळ आठवते.

खुर्चीत मामा होते. जाहिरात संपली, मॅडमनी मशीन बंद केलं. सोप्यात आईसाहेबांनी आवाज चढवला होता, धाकटी रडत होती, बहुधा तिच्या बाळाचं काहीतरी होतं. कॅमेऱ्यामागचीही सगळी माणसं पुढं त्या दोघींकडेच बघत असणार, नाहीतर ते तसंच टीव्हीवर आलं नसतं. कारण मागं खांबाशी आक्कांनी सूप खाली ठेवलं, मान वर केली, थेट कॅमेऱ्यात बघितलं, आणि आ केला. साऱ्या महाराष्ट्राला एक म्हातारी जांभई देताना दिसली असेल.

मॅडमच्या हातातला आरसा तसाच राहिला. त्या टीव्हीच्या दिशेनं एक पाऊल पुढं सरकल्या. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखा, रस्त्यावर ऐकू जाईल असा होता.

"अजून," त्या म्हणाल्या. "अजून थोडं."

मामांना वाटलं आपल्यालाच म्हणतायत. त्यांनी खुर्चीचे हात धरून आणखी मोठा आ केला. आणि तिकडे खांबाशी आक्कांनी दोन्ही हातांनी गुडघे दाबून, जोर लावून, तोंड आणखी थोडं उघडलं.